मोजणी

नोटीस मीच टाइप केली.
‘धोकादायक’ हा शब्द तीनदा,
चौथ्यांदा मागे ‘अत्यंत’ लावून,
कारण साहेबांना तिसरा परिच्छेद मवाळ वाटला.

ब्रिनहेलिगमध्ये ही एकच इमारत
जी मालकानं बांधली नाही, पाद्र्यानंही नाही.
खाणीत उतरणाऱ्यांनी
पगारातून आठवड्याला एक पेनी कापू दिली,
नऊ वर्षं.
खाली वाचनालय, वर नाटकाचा मंच,
आणि जिन्याच्या कठड्याला मधोमध एक खळगा,
धुऊनही काळेच राहिलेल्या हातांचा.

आधी खाण मिटली. मग वाचनालय.
मग छपराचं पश्चिमेकडचं अंग.
आता तिथं छत्तीस गाड्या मावतील,
नकाशा म्हणतो.

इड्वाल खाटीक नकाशाच्या बाजूनं.
त्याचंही खोटं नाही.
गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक
दरीपलीकडच्या मोठ्या दुकानात जातं,
आणि कोरीव दगड बघून
कुणी मटण घेत नाही.

एलुनेड प्रोथेरो विरुद्ध बाजूनं.
शाळेत भूगोल शिकवायची,
अजून तशीच बोलते,
नसलेल्या खडूनं हवेत नद्या काढत.
अकराशे चाळीस सह्या तिनं माझ्या टेबलावर आणल्या,
बिस्किटांच्या डब्यात घालून.
गावात माणसंच सोळाशे.
मी पोच दिली. शिक्का मारला.
साहेबांनी डबा उघडला,
आत बिस्किटं नाहीत बघून
बंद केला.

मग जूनमध्ये, उशिरा मावळणाऱ्या उजेडात,
तिला भगदाडातून निघताना दिसली
एक पाकोळी.
जर्दाळूएवढं वटवाघूळ.

वटवाघळं लटकली की घर ओस पडलं समजावं,
असं आपण म्हणतो.
कायद्यात मात्र हे उलटं टांगलेलं आहे.
माणसांनी पै-पैनं उभारलेलं घर पाडता येतं.
वटवाघळांनी नुसतं धरलेलं,
त्यांची पिल्लं उडेपर्यंत,
नाही.

कार्डिफहून मेरेरिड नावाची पोरगी आली,
हातात एक खोकं,
त्यांचं न ऐकू येणारं बोलणं
आपल्या कानांपर्यंत उतरवणारं.
म्हणाली, मोजणी लागेल. सात संध्याकाळी.
आणि साक्षीदार.

मी कार्यालयाची. मला जायचं काही कारण नव्हतं.
गेले.

लोकांनी रस्त्यात खुर्च्या टाकलेल्या,
थर्मास, शाली, एकाचं कुत्रं,
सगळ्यांच्या माना वर.
वीस वर्षं मी त्याच रस्त्यानं जाते येते.
वरच्या खिडकीखाली दगडात
खाणीतला कंदील कोरलाय,
हे मला त्या दिवशी कळलं.

खोकं टकटकू लागलं,
जणू आत कुणीतरी
घाईघाईनं टाइप करतंय.

एक.
तीन, नाही, चार.
मग मोजायला जीभ पुरेना.

एकेचाळीस, मेरेरिडनं लिहिलं.
‘बेचाळीस,’ मागून आवाज आला.
इड्वाल. दुकानाचा एप्रन तसाच अंगावर.
‘धुराड्याच्या अंगानं एक गेलं. पाहिलंय मी.’
एलुनेडनं त्याच्याकडे बघितलं,
उत्तर बरोबर आलेल्या ढ मुलाकडे बघावं तसं.
मेरेरिडनं आकडा खोडला,
त्याची सही घेतली.

ती सही आता फाइलमध्ये आहे.
अकराशे चाळीसांनी जे झालं नाही ते तिनं केलं
म्हणणं अन्यायाचं होईल,
पण फाइलला न्याय कुठं वाचता येतो.

ऑक्टोबरपर्यंत स्थगिती.
मग पाकोळ्या थंडीची झोप काढायला जातील,
टेकडीखाली, मिटलेल्या खाणीच्या बोगद्यात,
जिथून ती पेनी वर आली होती.
आणि साहेब मला हाक मारतील.

तोवर एलुनेड ताडपत्री शोधतेय,
अख्खं छप्पर झाकेल
पण भगदाड तेवढं सोडेल अशी.
इड्वालकडे एक आहे म्हणे, जुन्या व्हॅनवरची.
देईन म्हणाला नाहीये अजून.
नाहीही म्हणाला नाहीये.